शब्दचर्चा: क्वेकर घरातला 'तू' आणि यादवी युद्धातले आणखी काही शब्द

पाटीपेन्सिल

साल १८६३, अमेरिकेतलं इंडियाना राज्य. उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध ऐन भरात आहे आणि गोष्ट आहे एका क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, शेतकऱ्याच्या अकरा वर्षांच्या मुलीची. वाचक नऊ ते बारा वर्षांचे. अशा बालकादंबरीत पुढच्या शब्दांचं मराठीत काय करावं?

'फ्रेंड', म्हणजे क्वेकर स्वतःला म्हणवतात तो शब्द. त्यांची 'मीटिंग' आणि तिचा 'क्लार्क'. रविवारऐवजी 'फर्स्ट डे'. सैन्यात आपल्याऐवजी पाठवायचा 'सब्स्टिट्यूट'. समाजातून 'डिसओन' करणं. 'अंडरग्राउंड रेलरोड', म्हणजे पळून आलेल्या गुलामांना लपवत पुढे पोचवणारं गुप्त जाळं. आणि सर्वांत अवघड म्हणजे त्यांचा 'दी' (thee), जुन्या इंग्रजीतला एकवचनी 'तू'. बाप, शेजारी, न्यायाधीश, कॅप्टन, सगळ्यांशी ही माणसं एकवचनातच बोलतात. सरसकट 'तू' लिहिलं तर मुलगी उद्धट वाटते, 'तुम्ही' लिहिलं तर ती क्वेकर उरत नाही.

बोरू

'तू'पासूनच सुरुवात करू. तो ठरला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पण त्याआधी साल बघायला हवं. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत आपल्यासारखेच दोन प्रकार होते. घरच्यांना, नोकराचाकरांना आणि देवाला 'दाऊ', मोठ्यांना 'यू'. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी १६५०च्या दशकात हे झुगारलं. समोर माणूस एकच उभा असताना त्याला अनेकवचन लावणं हे त्यांच्या लेखी खोटं बोलणं होतं, आणि देवापुढे सारख्या असलेल्या माणसांत उच्चनीच करणंही. न्यायाधीशाला 'दाऊ' म्हटलं की तो खवळे, कारण ते त्याला आपल्या अरे-तुरेसारखंच लागे. गोष्ट त्या काळातली असेल तर मराठीत वेगळं काही शोधावंच लागत नाही. आजच्या इंग्रज मुलाला जे समजावून सांगावं लागतं, ते मराठी मुलाला 'अरे, तू' वाचताच कळतं.

१८६३ मध्ये चित्र पालटलेलं आहे. बाकीच्यांच्या रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' गेला होता आणि 'यू' सगळ्यांनाच लागत होता. क्वेकरांच्या 'दी'ने आता कुणाचा अपमान होत नव्हता, तो त्यांची ओळख झाला होता. ऐकणारा कॅप्टन रागावत नाही, त्याला एवढंच कळतं की हे घर क्वेकरांचं. म्हणून 'तू' लिहायचंच, पण ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया त्याच प्रसंगात दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर मराठी वाचक ती आपल्या मनाने भरून काढतो, आणि त्याच्या मनातली प्रतिक्रिया रागाचीच असते.

अमेरिकन क्वेकर 'दाऊ'चं कर्मरूप 'दी' हेच कर्त्याच्या जागीही वापरत आणि क्रियापद तृतीयपुरुषी घेत: 'दी इज', 'दी हॅज'. ही मोडतोड मराठीत आणू नका. 'तू आहे' असं लिहिलं की मुलीला मराठी येत नाही, एवढंच वाचकाला वाटेल.

उंबरठा

बोरू, साल आधी ठरवायचं हे पटलं. एक व्यावहारिक अडचण मात्र राहते. 'आई, तू' यात मराठी मुलाला काहीच वेगळं दिसणार नाही, आईला आपण तूच म्हणतो. देवालाही तूच म्हणतो. आणि आज शहरातल्या पुष्कळ घरांत बाबांनाही. म्हणजे पहिलं प्रकरण घरातच घडलं तर क्वेकरांचं बोलणं वाचकाच्या कानावर पडूनही लक्षात येणार नाही, आणि पाचव्या प्रकरणात मुलगी म्हाताऱ्या डॉक्टरला 'तू' म्हणाली की ती अचानक बिघडल्यासारखी वाटेल.

तेव्हा पहिल्या दोन-चार पानांतच बाहेरचं, वयाने मोठं, अनोळखी कुणीतरी आणा. दुकानदार, शिक्षक, घोडे घ्यायला आलेला शिपाई. मुलीने त्याला 'तू' म्हणावं, त्याने तिच्या वडिलांना 'तुम्ही' म्हणावं, आणि कुणालाच त्याचं काही वाटू नये.

संबोधनंही त्याच मापाने तपासावी लागतील. क्वेकर मिस्टर, मिसेस, सर म्हणत नसत. मोठ्या माणसालाही पूर्ण नावाने हाक मारत, मुलंसुद्धा. आपल्याकडे कलम चालवताना नकळत 'कॉफिनकाका', 'कॉफिनसाहेब', 'मावशी' येऊन बसतं. 'लीवाय कॉफिन, तू आत ये' हेच बरोबर. 'जी', 'राव', 'बाई', 'साहेब' हे शब्द क्वेकर पात्राच्या तोंडी आले आहेत का, एवढ्याचसाठी संहिता एकदा वेगळी वाचून काढावी.

पाटीपेन्सिल

मग 'बाबा आले' की 'बाबा आला'? इंग्रजीत तृतीयपुरुषी आदरार्थी अनेकवचनच नाही, म्हणजे मूळ भाषेकडून उत्तर मिळणार नाही.

बोरू

भाषेकडून मिळत नाही, पण क्वेकरांच्या कारणातून मिळतं. एका माणसाला अनेकवचन लावणं खोटं, हे त्यांना मान्य असेल तर 'बाबा आले' हेही खोटंच. मुलीच्या तोंडी 'बाबा आला' ठेवा. कथन तृतीयपुरुषी, बाहेरच्या निवेदकाचं असेल तर त्यात 'बाबा आले' चालेल, किंबहुना तेच बरं. त्यामुळे निवेदकाची मराठी आणि क्वेकरांची मराठी यांत सतत फरक दिसत राहतो. मुलगीच गोष्ट सांगत असेल तर मात्र अख्ख्या पुस्तकात एकवचन. एकाच पानावर 'बाबा म्हणाले' आणि 'बाबा उठला' असं मिसळलं की छापताना कुणीतरी सगळं 'दुरुस्त' करून टाकतं, आणि नेमकं चुकीच्या बाजूला. मुद्रितशोधकाला आधीच लेखी सांगून ठेवा.

एक नमुना देतो, मुलगीच गोष्ट सांगते आहे असा:

'कॅप्टन, तू आत ये,' आई म्हणाली. 'जेवायला बस. बंदूक मात्र ओसरीवर ठेव.'

कॅप्टनने दारातच हॅट काढली. 'तुम्ही क्वेकर दिसता, बाई.' त्याने बंदूक भिंतीला टेकवली.

बाबा त्याला खुर्ची द्यायला उठला. बाबाची हॅट डोक्यावरच होती.

'तू' कुठेच समजावून सांगितलेला नाही. कॅप्टनच्या एका वाक्याने तो समजतो.

जुनी वही

हॅटचा उल्लेख आलाच आहे तर त्यावर थोडं. माणसापुढे हॅट न काढणं हा क्वेकरांचा 'तू'चाच जुळा भाऊ. हॅट काढायची ती फक्त प्रार्थनेच्या वेळी, देवापुढे. मराठी वाचकाच्या मनात डोक्याच्या वस्त्राचा अर्थ उलटा आहे. आपल्या जुन्या रिवाजात बोडकं डोकं हाच अनादर, आणि पगडी उतरवायला लावणं ही मानहानी. त्यामुळे 'बाबाने हॅट काढली नाही' एवढंच वाचून मराठी मुलाला काही खटकत नाही. समोरच्याने हॅट काढलेली आधी दाखवायला हवी, जशी वरच्या नमुन्यात आहे. शब्द 'हॅट'च ठेवा. 'टोपी' घेतली तर 'टोपी घालणे' वगैरे भलतेच अर्थ सोबत येतात. बायकांचं 'बॉनेट'ही तसंच ठेवून एकदाच वर्णन करावं: कपाळापुढे आलेलं, दोन्ही गाल झाकणारं, हनुवटीखाली बांधलेलं. 'टोपडं' म्हटलं की तान्हं बाळ डोळ्यांपुढे येतं.

आता 'फ्रेंड'. इंग्रजीत मोठ्या अक्षराने काम भागतं, देवनागरीत ती सोय नाही. 'तो मित्र होता' यात ओळखीचा की पंथाचा, हे कळत नाही. सदस्यासाठी 'फ्रेंड' आणि हाक मारताना 'मित्रा' अशी वाटणी केली तर गोंधळ टळतो. संस्थेचं नाव 'मित्र समाज' करता येईल. प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज यांमुळे 'समाज' हा शब्द अशा मंडळींसाठी आपल्याकडे रुळलेला आहे. 'मित्र मंडळ' मात्र नको, त्याने थेट गणपतीचा मांडव उभा राहतो.

'क्वेकर' हे मुळात टोपणनाव, अर्थ थरथरणारा. १६५० मध्ये डर्बीच्या न्यायाधीशाने फॉक्सला हिणवून म्हटलेलं, कारण फॉक्स त्याला देवाच्या शब्दापुढे थरथर काप असं सांगत होता. पुढे त्यांनीच ते स्वीकारलं, तेव्हा पुस्तकात वापरायला हरकत नाही. मराठीला तो शब्द नवाही नाही. सेवाग्रामला नई तालीमच्या कामात असलेल्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या. मुलांना मात्र तो ओट्सच्या डब्यावरूनच माहीत असतो. त्या कंपनीचा या समाजाशी संबंध नाही, हे प्रस्तावनेत एका ओळीत सांगून टाकावं.

उंबरठा

'मीटिंग' या एका शब्दात क्वेकर तीन गोष्टी बसवतात: मौनात बसून केलेली उपासना, कामकाजाची बैठक, आणि ती करणारी मंडळी. मराठीत तिन्हींसाठी एकच शब्द शोधू नका. उपासनेला 'मौन उपासना' किंवा मुलीच्या तोंडी नुसतं 'मौनाला जायचं'. कामकाजाला 'बैठक', मासिक, त्रैमासिक, वार्षिक अशा त्यांच्या पायऱ्या 'मासिक बैठक' म्हणून सहज बसतात. मंडळींना 'मंडळी'च. मराठी ख्रिस्ती लोकांत तो शब्द चर्चच्या समुदायासाठी पूर्वीपासून आहे.

इमारतीला 'चर्च' म्हणू नका. जुने क्वेकर चर्चच्या इमारतीला मुद्दाम 'मनोऱ्याचं घर' म्हणत, कारण त्यांच्या मते चर्च म्हणजे माणसं. 'सभागृह' म्हटलं की विधानसभा आठवते. 'मौनघर' कसं वाटतं? आतली रचना नेमकी लिहिली तर नाव आपोआप रुजेल. पुरुषांचं दार वेगळं, बायकांचं वेगळं. मधे लाकडी फळ्यांचा आडोसा, उपासनेला उघडा, कामकाजाला बंद, म्हणजे दोन्हीकडच्या बैठका स्वतंत्र चालतात. समोर इतरांकडे तोंड केलेली उंचावरची बाकं, ज्येष्ठांसाठी. वेदी नाही, क्रूस नाही, वाद्य नाही. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलतो, नाहीतर तासभर शांतता. समोरच्या बाकावरचे दोघे हात मिळवतात तेव्हा उपासना संपते. लहान मुलाची नजर त्या दोन हातांवर खिळलेली असणार, हे लेखकाने विसरू नये.

बोरू

'क्लार्क'बद्दल. 'कारकून' ही ढोबळ चूक आणि 'क्लार्क' म्हटलं की बँकेची खिडकी. क्वेकर क्लार्क बैठक चालवतो आणि तिथल्या तिथे निर्णय लिहून वाचूनही दाखवतो. 'चिटणीस' त्यातल्या त्यात जवळचा. अध्यक्षपणाची छटा त्यात कमी पडते, पण 'अध्यक्ष' घेतलं तर उच्चासनच आलं, आणि तेच यांना नको होतं.

निर्णयाची पद्धत शब्दाला अडचणीत आणते. तिथे मतदान नसतं. सगळ्यांचं ऐकून चिटणीस बैठकीचा कल ओळखतो, लिहितो, कुणाची हरकत नसली की तो निर्णय. 'बहुमत' चूक, 'ठराव मंजूर' चूक. 'कौल' मोहात पाडतो. देवाला कौल लावणे यात माणसांच्या पलीकडून आलेलं उत्तर आहे, आणि क्वेकरांची भावनाही तशीच असते. पण वर्तमानपत्रांनी 'जनतेचा कौल' म्हणजे निवडणूक असं रुळवलं आहे. 'बैठकीचा कल' यातच धोका कमी.

जुनी वही

वार-महिन्यांत सर्वांत जास्त चुका होतात. वारांची आणि महिन्यांची नावं अन्य दैवतांवरून आली म्हणून क्वेकर ती टाळत आणि आकडे वापरत. रविवार 'पहिला दिवस', बुधवार 'चौथा दिवस'. आपले वारही ग्रहांवरून आहेत, त्यामुळे कारण मुलांना चटकन पटेल. 'पहिला वार' नको, त्याचा दुसरा अर्थ लढाईचा आहे.

महिन्यांत सापळा आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि क्वेकरांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च. १७५२ पासून पहिला महिना जानेवारी. पाडव्याला वर्ष सुरू करणाऱ्या वाचकाला मार्चमधलं नववर्ष ऐकून नवल वाटणार नाही, पण लेखकाने गणित चुकवू नये. १६६० सालच्या गोष्टीत 'चौथा महिना' म्हणजे जून, १८६३ च्या गोष्टीत एप्रिल. जॉन मॉर्गनची दक्षिणी घोडदळाची टोळी इंडियानात शिरली ती ८ जुलै १८६३ ला आणि कोरिडनची चकमक झाली ९ जुलैला. मुलीच्या वहीत ती तारीख 'सातव्या महिन्याची नववी' अशी यायला हवी, आणि शिपायाच्या पत्रात 'जुलै'.

याच ओघात: कुणी इंग्लंडच्या यादवीवर लिहिणार असेल तर १६४५ च्या नेझबीच्या लढाईत क्वेकर कुटुंब घालू नका. फॉक्सने लोक जमवायला सुरुवात केली ती त्या दशकाच्या शेवटी, आणि १६५२ नंतर पंथ खरा वाढला. जेम्स नेलरसारखे सुरुवातीचे काही क्वेकर तर संसदेच्या सैन्यात राहून आलेले होते. युद्ध सर्वस्वी नाकारणारं प्रसिद्ध निवेदन दुसऱ्या चार्ल्सला सादर झालं ते १६६१ च्या सुरुवातीला, तेव्हा लढाया संपून गेल्या होत्या.

पाटीपेन्सिल

'सब्स्टिट्यूट'ला 'पर्यायी सैनिक' लिहिलं तर पाठ्यपुस्तकी वाटतं.

उंबरठा

'बदली'. गिरण्यांमुळे 'बदली कामगार' मराठीत पक्का बसलेला आहे. कुणाच्या तरी जागी उभा केलेला माणूस, हाच अर्थ. 'त्याने बदली दिला' हे वाक्य मुलालाही कळतं.

त्यामागचा कायदा मात्र अचूक हवा. मार्च १८६३ च्या उत्तरेच्या भरती कायद्यात नाव निघालेल्याला दोन वाटा होत्या: बदली द्यायचा, नाहीतर ३०० डॉलर भरायचे. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना १३ डॉलर होता, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचा पगार. हे गणित गोष्टीत मुलीकडूनच करून घ्या, आकडा अंगावर येईल. दक्षिणेने ऑक्टोबर १८६२ मध्ये क्वेकर आणि आणखी काही पंथांना ५०० डॉलर किंवा बदली या अटीवर सूट दिली. फेब्रुवारी १८६४ च्या दुरुस्तीने उत्तरेत अशा पंथांच्या लोकांना इस्पितळात किंवा मुक्त झालेल्या गुलामांसाठी काम करण्याची, नाहीतर ३०० डॉलर जखमी आणि आजारी सैनिकांसाठी भरण्याची मुभा मिळाली.

या रकमेला 'दंड' म्हणणं चूक, त्याने गुन्हा सूचित होतो. 'लाच' तर नाहीच. 'सुटीची रक्कम' म्हटलं तर मुलं सुट्टी समजतील. 'सूट मिळवण्याचे पैसे' असं सरळ लिहावं. आणि पुष्कळ क्वेकर तेही भरायला तयार नव्हते, कारण आपल्या पैशावर दुसरा माणूस मारायला जाणार. गोष्टीतला खरा पेच इथे आहे: बाप पैसे भरेल का, थोरला भाऊ सैन्यात जाईल का.

जुनी वही

भाऊ गेला तर 'डिसओन' येणार. 'वाळीत टाकणे' आठवेल, पण ते वापरू नये. वाळीत टाकलेल्याचं पाणी तुटतं, रोटी-बेटी तुटते, हजामही येत नाही. क्वेकरांत सदस्यत्व जाई, कामकाजाच्या बैठकीत बोलण्याचा हक्क जाई, पण मौनाला येऊन बसायला बंदी नव्हती. घरचे जेवायला वाढत होतेच. 'नावावर काट मारली' किंवा 'मंडळीतून नाव काढलं' हे जास्त खरं. परतीची वाटही होती: झालं ते चुकलं असं लिहून दिलं की पुन्हा घेत. त्या कागदाला 'माफीनामा' नको, त्यात सत्तेपुढे वाकणं आहे. 'कबुलीपत्र' बरं.

बोरू

तीन शब्द काळाच्या चाचणीत नापास होतात, ते सांगतो. 'सत्याग्रही': सत्याग्रह हा शब्द गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यात घडला, विसाव्या शतकात. 'पॅसिफिस्ट' आणि त्यावरून केलेला 'शांततावादी' हेही विसाव्या शतकाचेच. आणि 'विवेकनिष्ठ विरोधक' ज्या 'कॉन्शिअन्शस ऑब्जेक्टर' या इंग्रजी पदावरून केलं जातं ते युद्धाच्या संदर्भात रूढ झालं पहिल्या महायुद्धात. १८६४ च्या कायद्यात वर्णन आहे, नाम नाही: शस्त्र धरण्याला मनापासून विरोध असलेले. मराठीतही तेच करा. 'आम्ही शस्त्र धरत नाही' हे मुलीचं वाक्य पुरेसं आहे.

प्रत्येकाच्या आत देवाचा प्रकाश असतो असं क्वेकर मानतात. त्या 'इनर लाइट'ला 'अंतःप्रकाश' म्हणावं की 'आतला आवाज'? आवाज गांधीजींमुळे ओळखीचा, पण क्वेकरांचं मुख्य रूपक प्रकाशाचं आहे. 'आतला उजेड' मुलांना जवळचा.

उंबरठा

'अंडरग्राउंड रेलरोड': 'भूमिगत रेल्वे' वाचून आजचं मूल मेट्रो समजेल. पण 'भूमिगत' टाकूही नका. १९४२ च्या चळवळीमुळे भूमिगत म्हणजे सरकारपासून लपून काम करणारा, हा अर्थ मराठीत तयार आहे. 'भूमिगत वाट' घ्या आणि स्टेशन, कंडक्टर हे त्यांचे सांकेतिक शब्द तसेच ठेवा. पळून आलेल्या माणसांना 'फरारी' म्हणू नका, तो शब्द पोलिसांच्या बाजूचा आहे. तो गुलाम पकडणाऱ्याच्या तोंडी द्या, क्वेकरांच्या तोंडी 'पळून आलेली माणसं'.

जागा दाखवायची तर इंडियानातल्या न्यूपोर्ट गावचं, आजच्या फाउंटन सिटीचं, लीवाय आणि कॅथरीन कॉफिन यांचं १८३९ चं विटांचं घर बघा. माडीवर उतरत्या छपराखाली एक अरुंद जागा आणि तिचं बुटकं दार पलंगाआड झाकलेलं. तळघरात विहीर. घराला किती पाणी लागतं हे बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून ती आत. पण कॉफिन कुटुंब १८४७ मध्ये सिनसिनाटीला गेलं, तेव्हा १८६३ च्या मुलीला हे सगळं आजीच्या आठवणीतून कळायला हवं.

पाटीपेन्सिल

'यादवी' की 'गृहयुद्ध', आणि न्यायालयातली शपथ, एवढं राहिलं.

बोरू

'यादवी'. प्रभासक्षेत्री एकमेकांना मारून संपलेल्या यादवांची गोष्ट मुलांना माहीत असते, आणि भावाने भावावर हत्यार उचलणं त्या शब्दातच आहे. 'नागरी युद्ध' हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर, टाळावं.

क्वेकर शपथ घेत नाहीत. 'होय तर होय, नाही तर नाही' हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन त्यामागे आहे. आपले काही मंत्री 'ईश्वरसाक्ष शपथ' न घेता 'गांभीर्यपूर्वक' म्हणतात तो पर्याय याच्या जवळचा, पण 'प्रतिज्ञा' म्हटलं की मुलांना शाळेतली 'भारत माझा देश आहे' आठवेल. 'शपथ घेणार नाही, खरं तेच सांगेन' एवढं क्वेकर पात्राच्या तोंडी द्यावं.

जुनी वही

आणखी एक, विचारला नसला तरी अडणारा: 'पॅरोल'. व्हरमॉंटच्या सायरस प्रिंगल या तरुण क्वेकराला १८६३ मध्ये भरती केलं गेलं. त्याने बंदूक साफ करायला नकार दिला, तेव्हा व्हर्जिनियात कल्पेपरच्या छावणीत त्याला जमिनीवर उताणं पाडून हातपाय चार दिशांना ताणून बांधून ठेवलं. पुढे लिंकनपर्यंत प्रकरण जाऊन तो घरी आला. अशा क्वेकरांना 'पॅरोल' दिला असं कागदोपत्री लिहिलेलं असे. मराठीत पॅरोल म्हणजे तुरुंगातून रजेवर सुटलेला कैदी, आणि हे लोक कैदी नव्हते. तिथे 'बोलावणं येईपर्यंत घरी जा' असंच लिहावं. ते बोलावणं पुढे आलंच नाही.